तुपागुळासकट वजन

त्र्यंबक देवस्थळी हा माणूस रिकाम्या पार्किंग लॉटमध्येसुद्धा स्टॉपच्या पाटीपुढे गाडी पूर्ण थांबवायचा. डावीकडे बघायचा, उजवीकडे बघायचा, मग पुन्हा डावीकडे. शेजारच्या सीटवरून प्रतिमा म्हणायची, अहो, इथे चिटपाखरूसुद्धा नाही. तो म्हणायचा, पाटी चिटपाखरांसाठी लावलेली नाही. टेक्ससमध्ये इतकी वर्षं गाडी चालवून त्याला दंडाचं एकही तिकीट मिळालं नव्हतं. एकुलती एक मुलगी इला डेंटनला नर्सिंगला लागली याचा त्याला जेवढा अभिमान होता, त्याहून तिकीट न मिळाल्याचा अभिमान कणभरच कमी असेल. अशा माणसाच्या घरी एका सकाळी पोलीस आले आणि तेही मेथीच्या लाडवांसाठी.

झालं ते असं. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात त्र्यंबकच्या स्वादुपिंडात कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की बरं होण्याची गोष्ट आता करायची नाही, दिवस वाढवण्याची करायची. केमो सुरू झाली आणि त्याचं अन्न तुटलं. प्रतिमाला कॅन्सर हा शब्द कसाबसा गिळता आला, पण ताटातला घास तसाच राहतो हे काही गिळता येईना. ती लग्न होऊन आली तेव्हापासून या माणसाला तिनं भाताचा पहिला घास तोंडात घालताना पाहिलं होतं, डोळे अर्धवट मिटून, जगाशी काही देणंघेणं नसल्यासारखा. तोच माणूस आता फोडणीचा वास आला की तोंडावर टॉवेल धरायचा. तिनं मऊ भात करून पाहिला, पेज करून पाहिली, मुगाचं कढण केलं, बाजारातली ती बाटलीतली दुधं आणली. सगळं मोरीत गेलं. महिन्याभरात त्याच्या पँटी कमरेवर राहीनात. तिला रोज एकच वाटायचं, हा आजारानं जायच्या आधी उपासानं जाणार.

डॉक्टरांनी भुकेसाठी एक गोळी दिली होती. ती गांजातल्याच द्रव्याची, पण कारखान्यात केलेली, म्हणून कायद्यानं चालणारी. ती पोटात जायची आणि दहा मिनिटांत बाहेर यायची. मग कॅलिफोर्नियातल्या यशोधनचा, म्हणजे त्र्यंबकच्या चुलतभावाचा फोन आला. त्यानं सांगितलं, आमच्याकडे डॉक्टरची चिठ्ठी असली की पेशंटला चांगला अर्धा पौंड सुका गांजा घरात ठेवता येतो, माझ्या ऑफिसातल्या एकाच्या बायकोला त्यानं जेवण जायला लागलं. यशोधन हे रेशनवर साखर मिळते म्हणावं इतक्या सहज बोलत होता. प्रतिमानं फोन स्पीकरवर ठेवला होता. त्र्यंबक कोचावरून म्हणाला, हे टेक्सस आहे, इथे आजाऱ्याला सूट नाही, विषय संपला. एका देशात राहून एका राज्यात जे औषध ते दुसऱ्या राज्यात गुन्हा कसं, हे प्रतिमाच्या डोक्यात शिरेना. खरं सांगायचं तर ते कुणाच्याच डोक्यात शिरण्यासारखं नव्हतं. पण त्र्यंबकला नियम समजून घ्यायचा नसायचा, पाळायचा असायचा.

इला शनिवारी घरी आली तेव्हा तिनं बाबांचं मनगट पाहिलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. पुढच्या शनिवारी येताना तिनं बॅगेतून एक प्लास्टिकची पिशवी आणली. वसतिगृहातल्या कुणाकडून तरी घेतलेली. "आई, इट्स जस्ट अ प्लँट," ती म्हणाली. "बाबांना स्मोक नको करायला लावू. बटरमध्ये हीट कर, मग तो बटर वापर." प्रतिमा घाबरली, पण लोण्यातुपाची गोष्ट निघाली तिथे ती घाबरण्यापेक्षा हुशारीवर आली. तूप कसं कढवायचं हे तिला मुलीनं शिकवायची गरज नव्हती. प्रश्न होता तो रंगाचा आणि कडवटपणाचा. तेवढा कडवटपणा आणि तेवढा हिरवट रंग झाकणारा एकच पदार्थ मराठी घरात असतो. मेथीचे लाडू. त्यात मेथीची पूड तशीही दोन दिवस तुपात भिजत ठेवायची असते.

तिनं मंद आचेवर पाला तुपात शिजवला, मलमलच्या फडक्यातून नीट गाळला, चोथा कचऱ्यात टाकला. त्या तुपात मेथी भिजवली. कणीक भाजली, खोबरं, डिंक, बदाम, गूळ घालून लहान लहान लाडू वळले. गाळलं हे तिचं चुकलं. पण गाळू नको असं जगातल्या कुठल्या सुगरणीला कोण सांगणार होतं?

त्र्यंबकला तिनं सांगितलं, अंगात ताकद येईल, मेथीचे आहेत. त्यानं अर्धा खाल्ला. दुपारी कोचावर उठून बसला आणि वरणभात आहे का म्हणाला. प्रतिमानं वाटीत घेतला, तूप घातलं, लिंबू पिळलं. त्यानं वाटी पुसून खाल्ली. ती ओट्याशी तोंड फिरवून उभी राहिली, कारण तिच्या डोळ्यांना धार लागली होती आणि रडण्याचं कारण विचारलं असतं तर काय सांगणार? चार दिवसांनी तो स्वतःच म्हणाला, "लाडू चांगले झालेत. कशाचे आहेत ते मला सांगू नकोस." त्या माणसानं जन्मात कायद्यातून घेतलेली सूट एवढीच.

ते पाच-सहा आठवडे घरात सण असल्यासारखे गेले. वजन थोडं वाढलं. तो संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायचा. नव्या वसाहतीतली ती काठ्यांना बांधलेली झाडं, चालायला निघालेली साडी आणि स्पोर्ट्स शूज घातलेली सासूबाई मंडळी, सगळ्यांकडे बघत बसायचा. भारतातून नंदा आली होती, त्याची धाकटी बहीण. नागपूरची, बोलायला मोकळी, हाताला चपळ, स्वतःला मधुमेह म्हणून गोडाला न शिवणारी. दादासाठी जीव टाकणारी. प्रतिमानं तिला लाडवांबद्दल खरं सांगितलं नाही. नणंदेला काय सांगायचं, की तुझ्या भावाला मी गांजा खाऊ घालते? ती एवढंच म्हणाली, फ्रीजरमध्ये मेथीचे लाडू आहेत, दादांचे. नंदाच्या डोक्यात मेथीचे लाडू म्हणजे बाळंतीण आणि म्हाताऱ्यांचे गुडघे.

पलीकडच्या गल्लीत मालिनी आणि विवेक राहायचे, तिशीतलं जोडपं. मालिनी दर दोन-चार दिवसांनी स्टीलच्या डब्यात काही ना काही पाठवायची. असाच एक खिचडीचा डबा परत जायचा राहिला होता. एके दिवशी प्रतिमा आणि त्र्यंबक केमोसाठी दवाखान्यात असताना मालिनीचे सासरे, आप्पा, चालता चालता चौकशीला आले. नंदानं त्यांना चहा दिला. त्यांनी गुडघ्यांचं गाऱ्हाणं सांगितलं. जाताना नंदानं डबा त्यांच्या हातात द्यायला घेतला आणि थांबली. वडीलधाऱ्या माणसाच्या हाती रिकामा डबा परत द्यायचा? तिच्या आईनं तिला उभ्या जन्मात तसं करू दिलं नव्हतं. सूनबाईंनी इतक्यांदा पाठवायचं आणि आपण घासूनपुसून रिकामं परत करायचं, लोक काय म्हणतील? तिनं फ्रीजर उघडला. दोन-चार घालू म्हणता म्हणता डबा भरला. वहिनी आल्यावर सांगू म्हणाली, आणि विसरली.

आप्पांनी घरी पोचायच्या आत दोन खाल्ले, कारण घरी सून गोड मोजून देते. जेवणाच्या वेळेला ते टीव्हीवरच्या हवामानाच्या बातम्यांना हसायला लागले. मग रडायला लागले. मग म्हणाले, माझे पाय गेले, पुण्याला कळवा. विवेकला वाटलं झटका आला. त्यानं नऊ-एक-एक फिरवला. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं काय खाल्लं, तेव्हा विवेकनं प्रामाणिकपणे घरी जाऊन डबाच आणून ठेवला. त्याच्या मनात कुणाचं वाईट नव्हतं. वडिलांना विषबाधा झालीय आणि डॉक्टरांना सगळं दाखवलं पाहिजे, एवढंच. आप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी ठणठणीत उठले आणि दोनदा नाश्ता मागितला. तोवर डबा, आणि तो कुणाच्या घरून आला ही माहितीही, इस्पितळातून पोलिसांकडे गेली होती.

पोलीस दोघे होते. बोलायला सभ्य, बूट पुसून आत आले. प्रतिमा त्र्यंबकच्या उशा नीट करत होती. नंदा आतल्या खोलीत पूजेला बसली होती, तिला इंग्रजी कळण्याचा प्रश्न नव्हता. त्यांनी फ्रीजर उघडला, उरलेले लाडू काढले आणि कुणाचे म्हणून विचारलं. तिनं तोंड उघडलं, पण आवाज आला तो कोचावरून.

"दे आर माइन. आय मेड देम."

मग तिच्याकडे न बघता तो मराठीत म्हणाला, "तू बोललीस की ते पिशवी कुठून आली विचारतील. तुला खोटं बोलता येत नाही. मला येतं की नाही माहीत नाही, आजवर वेळ आली नव्हती." पोलिसानं इंग्रजीत बोला म्हणून सांगितलं. त्र्यंबक त्याला सॉरी म्हणाला.

तो एक रात्र काउंटीच्या कोठडीत राहिला. जामिनावर सुटून आला तेव्हा पायात घरातल्याच सपाता होत्या आणि अंगात ताप होता. डबा कसा भरला गेला ते तोवर नंदाकडून कळलं होतं. तिनं कपाळ बडवून घेतलं. प्रतिमा तिला एका शब्दानं बोलली नाही, कारण बोलायला जागा नव्हती. वकिलांच्या सल्ल्यानं नंदाचं तिकीट लवकरचं करून तिला परत पाठवलं. विमानतळावर ती प्रतिमाचा हात धरून म्हणाली, "वहिनी, तुम्ही मला नुसतं सांगितलं असतं तर?" नंदा आत गेली तेव्हा प्रतिमा काचेपाशी बराच वेळ उभी होती.

वकीलबाई उंच होत्या, पायात काउबॉय बूट, बोलणं हळू आणि गोड. त्यांनी घरी येऊन, त्र्यंबकच्या कोचासमोर खुर्ची ओढून, सगळं समजावलं. पिशवीतला नुसता पाला सापडला असता तर टेक्ससमध्ये तो दोन औंसांच्या आतला किरकोळ गुन्हा होता. इमिग्रेशनचा कायदासुद्धा तीस ग्रॅमपर्यंतचा पाला स्वतःपुरता असेल तर एकदा माफ करतो. पण पाला तुपात शिजवून गाळला की तो पाला राहत नाही. त्याचा अर्क होतो, अर्काला कायद्यात वेगळं कलम आहे, आणि त्या कलमात वजन करताना अर्क ज्यात मिसळला आहे ते सगळं धरतात.

त्र्यंबक उशीवरून थोडा वर सरकला. जन्मभर इंजिनियरकी केलेला माणूस, त्याचं डोकं अजून शाबूत होतं.

"सो द फ्लार इज काउंटेड?"

वकीलबाई हो म्हणाल्या, कणीकसुद्धा. त्यानं गूळ विचारला. हो. खोबरं? हो. बदाम? तेही. त्यानं म्हटलं, हे मोजमाप चुकीचं आहे. त्या म्हणाल्या, मोजमाप चुकीचं असेल, वजन बरोबर आहे. डबा आणि फ्रीजर मिळून चारशे ग्रॅमच्या वर. शिक्षा पाच वर्षांपासून नव्व्याण्णव वर्षांपर्यंत. वर नवराबायको दोघांनीही नागरिकत्व घेतलेलं नाही, ग्रीन कार्डवरच, म्हणजे ज्याला शिक्षा होईल त्याला तुरुंगातून थेट भारताच्या विमानात. आजारपण? त्या म्हणाल्या, न्यायाधीशाला वाईट वाटू शकतं, कायद्याला वाटत नाही. प्रतिमानं हे ऐकलं आणि तिला त्या गाळण्याच्या फडक्याची आठवण झाली. तिनं ते धुऊन, वाळवून, घडी करून ठेवलं होतं. चांगलं काम केलं की काय होतं ते बघा, असं तिला वाटलं, आणि संतापानं तिच्या कानशिलात गरम झालं. पण संताप करायचा कुणावर? समोरची बाई तर त्यांच्या बाजूची होती.

जामिनाबरोबर अट आली. दर आठवड्याला लघवीची तपासणी. म्हणजे लाडू सोडाच, तसली कुठलीही वस्तू अंगात सापडली की जामीन रद्द. त्र्यंबकचं खाणं पुन्हा बंद पडलं. आधी वाटी अर्धी झाली, मग चार चमचे, मग नुसतं पाणी आणि त्यात कधी साखर. इलानं फोनवर रडून विचारलं, शाल आय टेल देम इट वॉज मी? मी सिटिझन आहे, मला कुठे पाठवणार? बाबांनी फोन मागून घेतला आणि तिला म्हणाले, तुला नर्सचं लायसन्स घ्यायचंय, पुन्हा हे बोललीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. मग दमून फोन छातीवर ठेवून पडून राहिले.

त्यानं एक गोष्ट हट्टानं केली. लाडू करायला शिकला. न्यायाधीशांनी विचारलं तर? वकीलबाई म्हणाल्या, कुणी विचारत नाही. तरी दुपारी प्रतिमाला जवळ बसवून तो विचारायचा, मेथ्या आधी भाजायच्या का? कणीक कुठल्या रंगावर आली की उतरवायची? पाक करायचा की गूळ नुसताच किसून घालायचा? ज्या माणसानं आयुष्यात चहाचं आधण ठेवलं नव्हतं, तो परीक्षेला बसल्यासारखा पाठ करत होता. ती सांगायची, मध्येच हसायची, आणि मग तिला भडभडून यायचं. तो तिच्या पाठीवर हात ठेवायचा. हात म्हणजे नुसती हाडं उरली होती.

तारीख पडली दिवाळीनंतरची. सरकारी वकिलाचं म्हणणं सोपं होतं. यांनी कमी वजनाचा गुन्हा कबूल करावा आणि तुरुंगात जावं, नाहीतर खटला उभा राहील, आणि उभा राहिला की घरात आणखी कोण स्वयंपाक करतं आणि माल कुठून आला ते बघावं लागेल. आजारी माणसाला लाडू वळता येतील यावर त्याचा विश्वास बसलेला नव्हता. हे घरी येऊन सांगून वकीलबाई निघाल्या तेव्हा प्रतिमा त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेली. गाडीचं दार उघडून त्या थांबल्या. मी हे तुम्हाला म्हणणं बरं नाही, असं म्हणून त्यांनी सांगितलं, की आरोपी मेला की खटला संपतो. तारखेच्या आधी काही झालं तर फाईल बंद होईल, तुमच्यापर्यंत आणि मुलीपर्यंत कुणी येणार नाही. मी वाईट बोलत नाही, फक्त कायदा सांगते आहे.

प्रतिमा घरात आली तेव्हा त्र्यंबक जागा होता. खिडकीतून त्यानं त्या दोघींना बोलताना पाहिलं होतं. त्यानं काही विचारलं नाही. तिनं काही सांगितलं नाही. पण त्या संध्याकाळी तिनं पेजेचा चमचा पुढे केला तेव्हा त्यानं मान फिरवली आणि म्हणाला, "भूक नाही." रोजचेच शब्द. आजवर ते शब्द म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर केविलवाणी लाज असायची, तिचे कष्ट वाया गेल्याची. त्या दिवशी चेहरा शांत होता. तिला तेव्हाच समजलं आणि तिनं ते समजून न घेतल्यासारखं केलं.

दिवाळी आली तशी गेली. इलानं दारात दिवे लावले. महाराष्ट्र मंडळातल्या लोकांनी फोन करायचं हळूहळू सोडून दिलं होतं, गांजाच्या केसमध्ये सापडलेल्या घरी फराळाला कोण येणार? मालिनी तेवढी यायची, उंबऱ्यापाशी उभी राहून डोळे पुसायची. विवेक तिच्याबरोबर कधी आला नाही, त्याला तोंड दाखवायची हिंमत नव्हती. प्रतिमाला त्याचा राग येत नव्हता. कुणाचाच येत नव्हता. राग यायला मनात थोडी तरी आशा लागते, आणि ती कुठे गेली होती कोण जाणे.

ती मात्र रोज वाटी घेऊन बसायची. सवयीनं. त्यानं ओठ मिटले की एकदा म्हणायची, थोडं घ्या ना. पूर्वी ती दहादा म्हणायची, रागवायची, शपथ घालायची, तोंडाला लावायची. आता एकदा म्हणायची आणि वाटी खाली ठेवायची. आपण एकदाच म्हणतो हे तिच्या लक्षात येत होतं. तो खात नाही तर काय करणार, असं ती मनाला सांगायची, आणि मन ते ऐकून घ्यायचं.

तारीख पुढच्या आठवड्यावर आली. त्या गुरुवारी दुपारभर तो झोपून होता. बाहेर अचानक गार वारा सुटला होता, तिथे सुटतो तसा, सकाळी पंखा आणि संध्याकाळी स्वेटर. चारच्या सुमाराला त्यानं डोळे उघडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते डोळे स्वच्छ होते. तो म्हणाला, "प्रतिमा, थोडा भात देतेस? वरणभात. लिंबू पिळून."

ती लगबगीनं उठली. हे ऐकायला तिनं काय काय केलं होतं! आनंदानं तिचे पाय स्वयंपाकघराकडे धावले, तिनं डब्यातून तांदूळ काढले, पातेल्यात घेतले, नळाखाली धरले. आणि धुता धुता तिच्या मनात आलं, आज गुरुवार. भात खाल्ला तर अंगात जीव येईल. आणखी चार दिवस, कदाचित आठ. मग सोमवार येईल, त्या दिवशी ह्यांना गाडीत घालून कोर्टात न्यायचं, आणि तिथून ते घरी येणार नाहीत. किंवा ते घरी येतील आणि आपण जाऊ. किंवा इला.

तिनं पाणी ओतलं आणि पुन्हा भरलं. तांदूळ पुन्हा धुतले. पाणी केव्हाच निवळ झालं होतं. तिनं ते ओतून पुन्हा भरलं. गॅसच्या बटणाला हात लावायचा होता, तो हात पाण्यातच राहिला. कुकरला वीस मिनिटं लागतात. ती उभी राहिली. स्वतःला म्हणाली, आता लावते. लावते लावते म्हणत तशीच उभी राहिली.

बाहेरच्या खोलीतून त्याचा आवाज आला. "राहू दे गं."

एवढंच. त्यात चीड नव्हती, रुसवा नव्हता. तिनं म्हणायला हवं होतं, थांबा, दोन मिनिटांत होतोच. लग्नानंतर एवढ्या वर्षांत हे वाक्य तिनं किती हजारदा म्हटलं असेल. ते तिच्या तोंडातून निघालं नाही. तिला हायसं वाटलं. छातीवरचं ओझं कुणी उचललं तसं हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटलं हे कळल्यावर तिनं ओट्याचा काठ घट्ट धरला. मग तांदळाचं पाणी काढून टाकून ती बाहेर गेली आणि त्याच्या पायांवरची चादर सारखी केली. तो तिच्याकडे बघत होता. त्यानं हात पुढे केला, तिनं धरला.

संध्याकाळी इला आली. तिनं चपला काढता काढता विचारलं, बाबांनी काही खाल्लं का?

"भूक नाही म्हणाले," प्रतिमा म्हणाली. तिला खोटं बोलता येत होतं.

त्र्यंबक रविवारी पहाटे गेला. सोमवारी वकीलबाईंनी कोर्टात कळवलं आणि दुपारी फोन करून सांगितलं की फाईल बंद झाली. आवाजात सहानुभूती होती आणि सुटका झाल्याचा आनंदही होता, आणि तो त्यांना लपवता आला नाही. प्रतिमानं थँक्यू म्हटलं. इला तिच्या गळ्यात पडली. आई, इट्स ओव्हर, असं म्हणत ती रडली, आणि प्रतिमानं तिच्या केसांवरून हात फिरवला. पोरीला सुखरूप ठेवलं होतं. नंदाचा नागपूरहून फोन आला. ती तर फोनवर फक्त रडतच होती.

भेटायला लोक आले. मेल्यानंतर केस उरत नाही तशी लाजही उरत नाही, मंडळातले सगळे आले. मालिनी शेवटी आली, या वेळी उंबरा ओलांडून आत आली, आणि प्रतिमाच्या शेजारी सतरंजीवर बसली. विवेक दारापाशी मान खाली घालून उभा होता. मालिनी हुंदके देत म्हणाली, "काकू, तुम्ही काय नाही केलं हो त्यांच्यासाठी. कुणी बायको करणार नाही एवढं. अगदी शेवटपर्यंत भरवत होतात."

प्रतिमानं सतरंजीचा दुमडलेला कोपरा सारखा केला. मग म्हणाली, "शेवटी त्यांनी मागितला होता भात."

मालिनीनं मान हलवली. तिला वाटलं, माणूस जाता जाता तृप्त होऊन गेला असं काकू सांगताहेत. ती म्हणाली, बरं झालं, इच्छा राहिली नाही. प्रतिमा तिच्याकडे बघत राहिली, आणि कुणी तरी चहा आणला म्हणून तिनं कप हातात घेतला.